सोरायसिस : दोष मलमाचा की लावण्याच्या रीतीचा?

सोरायसिसचा जुना रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात सात-आठ ट्यूबा असतात. एखादी निम्मी पिळलेली, एखादी दोनदाच उघडलेली, एखादीवरचे नाव पुसून गेलेले. "डॉक्टर, सगळी मलमे करून झाली, एकाचाही गुण नाही," असे तो सांगतो. पिशवी टेबलावर रिकामी केली तर निम्म्या ट्यूबा गजकर्णाच्या निघतात. दोन-तीन एकाच औषधाच्या, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतात. सोरायसिसची म्हणावी अशी एखादीच असते आणि तीही चार दिवस लावून सोडलेली.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. सोरायसिस कायमचा घालवणारे मलम आजही जगात नाही. मात्र अंगावर थोड्या जागी असलेला सोरायसिस ताब्यात ठेवणारी चांगली मलमे आहेत, त्यांतली काही फार जुनी आणि स्वस्तही आहेत. ती फुकट जातात ती दोन कारणांनी. रोगाचे नाव निश्चित न करता दुकानातून आणलेली ट्यूब हे एक कारण, आणि मलम किती, कुठे, किती दिवस लावायचे हे कोणी नीट न सांगणे हे दुसरे. पहिल्यात दुकानदार आणि रुग्ण दोघांचा वाटा आहे. दुसऱ्यात आम्हा डॉक्टरमंडळींचा.

आधी रोग काय आहे ते पाहू. आपली कातडी रोज नवी होत असते. खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम चार-पाच दिवसांत उरकले जाते. शरीराची संरक्षक यंत्रणा विनाकारण चाळवली जाते, कातडीखाली दाह होतो आणि कच्च्या पेशींचे थरावर थर साचतात. म्हणून लाल, जाडसर, स्वच्छ कडेचे चट्टे उठतात आणि त्यांवर चांदीसारखे पांढरे पापुद्रे धरतात. नखाने खरवडले तर मेणबत्तीच्या मेणासारखा चुरा पडतो. कोपर, गुडघे, कंबरेचा मागचा भाग आणि डोके या त्याच्या आवडत्या जागा. बहुधा दोन्ही बाजूंना सारखा येतो. नखांवर शिवणकामाच्या अंगुस्तानावर असतात तशा बारीक खळ्या दिसल्या तर शंका आणखी बळावते.

हा जंतूंचा रोग नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका पलंगावर झोपल्याने तो दुसऱ्याला होत नाही. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे रोज कोणाला तरी सांगतो आहे आणि अजून सांगावे लागते. बाजारपेठेतल्या एका कापडदुकानात काम करणाऱ्या तरुणाला मालकाने गल्ल्यासमोरून उठवून मागच्या गोदामात बसवले होते. कारण काय, तर गिऱ्हाईक त्याच्या हाताचे कापड घेत नाही. त्या तरुणाने मला पहिला प्रश्न औषधाचा विचारला नाही. त्याने विचारले, "डॉक्टर, चिठ्ठीवर लिहून द्याल का, की हे लागत नाही म्हणून?" मी दिले लिहून. दवाखान्याच्या शिक्क्यानिशी दिले. औषधाइतकीच ती चिठ्ठीही उपचाराचा भाग होती असे मी मानतो.

हा रोग आणि महारोग यांची गल्लत फार जुनी आहे, आणि ती केवळ आपल्या अडाणीपणाची नव्हे. युरोपातही शतकानुशतके दोन्ही एकाच नावाखाली मोडत. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ह्या चट्ट्यांचे बारकाईने वर्णन केले, आणि पुढे व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी सोरायसिस हा कुष्ठरोगापासून निराळा काढला. जागतिक आरोग्य सभेने २०१४ साली ठराव करून हा दीर्घकाळ टिकणारा, न पसरणारा, पण माणसाला जेरीस आणणारा आजार असल्याचे मान्य केले. आमच्या गावातल्या केशकर्तनालयापर्यंत तो ठराव अजून पोचायचा आहे.

आता गजकर्णाकडे येऊ, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. चट्टा गोल, कडेला लाल, वर पापुद्रा, खाज थोडीफार. असे दिसले की घरचे म्हणतात नायटा आहे, शेजारी म्हणतात गजकर्ण आहे, आणि औषधाच्या दुकानातला मुलगा न बघताच एक ट्यूब पुढे करतो. ह्या ट्यूबेत बहुधा तीन औषधांची खिचडी असते. एक बुरशीवरचे, एक जंतूंवरचे आणि तिसरे जोरदार स्टिरॉइड. गंमत पाहा, सोरायसिसला ह्या ट्यूबेने आठ दिवसांत आराम पडतो! स्टिरॉइड दाह कमी करते, लाली उतरते, पापुद्रे गळतात. रुग्णाला वाटते रोग ओळखला गेला. ट्यूब बंद केली की चट्टे परततात, पुष्कळदा आधीपेक्षा जास्त जोमाने. मग दुसरी ट्यूब, मग तिसरी. आणि चट्टा खरोखरच गजकर्णाचा असेल तर तेच स्टिरॉइड बुरशीला मोकळे रान देते, गजकर्ण अंगभर पसरते आणि त्याचे रूप इतके बदलते की जाणत्यालाही चटकन ओळखू येत नाही. शंका असेल तर पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. त्या तपासणीचा खर्च तीन-चार चुकीच्या ट्यूबांपेक्षा जास्त नसतो.

ह्याच गल्लतीतून एकदा एक चांगली गोष्टही घडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्राझीलमध्ये अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातील पोकळ्यांत पिवळसर भुकटी सापडते. पोर्तुगीजांमार्फत ती गोव्यात आली आणि 'गोवा पावडर' ह्या नावाने नायट्यावर वापरली जाऊ लागली. १८७६ च्या सुमारास लंडनच्या बामॅनो स्क्वायर ह्या त्वचारोगतज्ज्ञाच्या ध्यानात आले की नायटा समजून ही भुकटी लावणाऱ्या एका रुग्णाचा सोरायसिस ओसरला आहे. त्या भुकटीतले द्रव्य सोरायसिसचे औषध बनले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला तिचा पुरवठा तुटला तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी १९१६ साली तिच्यासारखे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. तेच डिथ्रॅनॉल. औषध गुणी आहे, पण तापट. चट्ट्याबाहेरच्या कातडीला लागले तर भाजते आणि कपड्यांवर, चादरीवर तपकिरी-जांभळे डाग पाडते. म्हणून आता ते फारसे लिहिले जात नाही. लिहिलेच तर अर्धा तास लावून धुऊन टाकायला सांगतात. गोव्याचे नाव घेऊन एक औषध जगभर फिरून आले, आणि आपण मात्र नायट्याच्या ट्यूबेपाशीच अडकून पडलो.

स्टिरॉइडचे मलम वाईट आहे असे मात्र कोणी समजू नये. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून पाहिले आणि त्वचारोगांच्या उपचारांचे चित्र पालटले. कोपर-गुडघ्यावरच्या जाड चट्ट्याला जोरदार स्टिरॉइडइतक्या लवकर उतार पाडणारे दुसरे मलम नाही. प्रश्न मुदतीचा आणि जागेचा आहे. क्लोबेटासोलसारखे सर्वांत जोरदार मलम सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावायचे नसते आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचे नसते. चेहरा, काखा, जांघा, स्तनांखालची घडी आणि गुप्तांग ह्या जागांची कातडी पातळ असते, तिथे ते लावूच नये. लावले तर कातडी कागदासारखी होते, शिरा दिसू लागतात, जांघेत बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पट्टे उमटतात. ते पट्टे पुन्हा जात नाहीत. पापण्यांवर महिनोन्महिने लावणाऱ्याच्या डोळ्यांतला दाब वाढू शकतो. केंद्र सरकारने २०१८ साली स्टिरॉइडची अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीत घातली. कायदा झाला, पण सायंकाळी सातच्या गर्दीत कोणत्याही दुकानासमोर पाच मिनिटे उभे राहा, म्हणजे त्याचे काय झाले ते दिसेल. सगळे दुकानदार तसे नाहीत, हेही खरे. चिठ्ठी नसेल तर गिऱ्हाइकाला परत पाठवणारे दोन दुकानदार माझ्या पाहण्यात आहेत. त्यांचा धंदा बुडालेला नाही.

मलमापेक्षा शतपटीने घातक म्हणजे सोरायसिसवर 'एका सुईत साफ' करणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन, किंवा कोणा वैदूकडच्या निनावी पुड्या. पहिल्या पंधरवड्यात अंग आरशासारखे होते आणि माणूस देवमाणसासारखा त्या उपचारकाचे गुण गातो. स्टिरॉइडचा अंमल उतरला की रोग उसळून येतो. चाळिशीतला एक शेतकरी अशा सुया घेऊन तीन महिन्यांनी माझ्याकडे आला तेव्हा त्याचे डोक्यापासून पायापर्यंत सारे अंग लाल झाले होते. वैशाखाच्या उन्हात तो घोंगडी पांघरून कुडकुडत होता. पापुद्र्यांचा खाली सडा पडत होता. ह्या अवस्थेत अंगातले पाणी आणि उष्णता कातडीवाटे निघून जाते, जीवाला धोका असतो. त्याला ताबडतोब जिल्हा रुग्णालयात दाखल करावे लागले. दोन आठवड्यांनी वाचून परत आला. मूळ दुखणे काय होते? दोन कोपर आणि एक गुडघा.

आता मलम लावायचे कसे, ह्याकडे वळतो. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या मते गुण येण्या-न येण्याचा निम्मा हिशेब इथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पापुद्रे. जाड पापुद्र्यावर कितीही भारी मलम चोपडले तरी ते खाली उतरत नाही, जसे पन्हाळी पत्र्यावरचे पाणी जमिनीत मुरत नाही. म्हणून आधी पापुद्रा मऊ करून काढायचा. कोमट पाण्याने आंघोळ, अंग टिपून कोरडे करायचे, घासायचे नाही, आणि ओलसरपणा असतानाच साधे पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल सढळ हाताने लावायचे. पापुद्रे फारच जाड असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड घातलेले मलम काही दिवस वापरतात. लहान मुलांना किंवा अंगभर ते लावायचे नाही, कारण कातडीतून रक्तात उतरते. पेट्रोलियम जेलीला कोणी औषध मानत नाही, स्वस्त म्हणून तिची किंमत नाही. पण सोरायसिसच्या रुग्णाने दुसरे काही नसले तरी हे रोज लावावे, दिवाळी उलटून थंडी पडू लागली की दिवसातून दोन-तीनदा लावावे. एकच सावधगिरी. तेलकट मलमे कपड्यांत मुरतात आणि असे कपडे चटकन पेट घेतात. चुलीपाशी बसणाऱ्या बायकांनी आणि बिडी ओढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट माप. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरते. एवढे मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दोन कोपर आणि दोन गुडघे मिळून चार तळहात धरले तर एका वेळेला दोन पेरे, म्हणजे एक ग्रॅम. दिवसातून एकदा लावले तर ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर जाईल. पण दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत भरलेले असतील तर एका वेळेला बारा पेरे, सहा ग्रॅम लागतात. तीच ट्यूब पाच दिवसांत संपते! आमच्याकडे लोक असे पाय असताना १५ ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवतात आणि म्हणतात गुण नाही. डाळीला एकच मोहरी घालून फोडणी दिल्यासारखे ते झाले. उलट एक लहानशी जागा असणारा माणूस बोटभर मलम थापतो आणि भोवतालची चांगली कातडी बिघडवतो. डॉक्टरने चिठ्ठीवर नुसते 'लावण्यासाठी' असे लिहिणे मला पटत नाही. गोळी लिहिताना आपण 'एक-एक, जेवणानंतर' लिहितो. मग मलमालाच माप का नसावे? रुग्णांनीही हे विचारून घ्यावे. डॉक्टर रागावले तर रागावोत.

तिसरी गोष्ट म्हणजे चट्टा सपाट झाल्यावर काय करायचे. लोक नेमके तेव्हाच सगळे बंद करतात. स्टिरॉइडच्या बरोबरीने 'ड' जीवनसत्त्वाच्या जातीचे कॅल्सिपोट्रिऑल नावाचे मलम असते. ते पेशींची घाई थोपवते, कातडी पातळ करत नाही, पण त्याचा गुण दिसायला महिना-दीड महिना लागतो आणि तेवढा धीर आपल्यापाशी नसतो. आठवड्याला १०० ग्रॅमच्या पुढे जायचे नाही, चेहऱ्याला लावायचे नाही आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या मलमावर ते लावायचे नाही, कारण त्याने हे औषध निकामी होते. चट्टे उतरल्यावर मी पुष्कळांना सांगतो की आठवडी बाजाराच्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टिरॉइड, उरलेले पाच दिवस कॅल्सिपोट्रिऑल. बाजाराचा दिवस कोणी विसरत नाही. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी डांबराचे, म्हणजे कोल टारचे मलम आहे. वास येतो, कपडे खराब होतात, हे कबूल. पण १९२५ साली अमेरिकेत गोकरमन यांनी डांबर आणि अतिनील किरण यांची जी जोडी लावली, तिच्यावर कित्येक दशके मोठमोठी रुग्णालये चालली. रात्री जुने कपडे घालून लावावे, सकाळी धुवावे.

डोक्यातल्या सोरायसिसला बहुतेक जण कोंडा समजतात. केसांवर मलम लावून उपयोग नाही. भांग पाडत पाडत, कातडी दिसेल तिथे पातळ औषध थेंबाथेंबाने सोडायचे. डांबराचा शांपू लावून लगेच धुऊ नये, पाच-दहा मिनिटे तसाच ठेवावा. आणि कंगव्याने खवले उपटू नयेत. सोरायसिसची एक खोड अशी की जिथे कातडीला इजा होते तिथे तो उगवतो. खाजवलेल्या रेघेवर, टाक्याच्या व्रणावर, परकराच्या नाडीच्या घट्ट गाठीखाली. ब्रेस्लाऊच्या केब्नर यांनी हे एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले. नखे कापलेली ठेवणे हासुद्धा उपचारच.

पथ्याचा प्रश्न येतोच. वांगे, आंबट, दूध-मासे ह्यांना मी दोषी धरत नाही. दारू, धूम्रपान आणि वाढलेले वजन ह्यांना धरतो. घसा सुजल्यावर लहान मुलांच्या अंगावर पावसाच्या थेंबांसारखे बारीक चट्टे उठतात, त्या घशाकडे लक्ष द्यावे. रक्तदाबाच्या, हिवतापाच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी सोरायसिस भडकू शकतो. म्हणून चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरला दाखवाव्यात. आपल्या मनाने त्या बंद मात्र करू नयेत.

लग्नाच्या मुलामुलींचे आईवडील दार लावून विचारतात, "सांगायचे की लपवायचे?" मी सांगा म्हणतो. लग्नाआधी महिनाभर जोरदार मलम थापून कोपरे गुळगुळीत करायची आणि हळद उतरते न उतरते तोच चट्टे परतायचे, ह्यात मुलीचे हाल होतात आणि वर फसवणुकीचा डाग लागतो. आनुवंशिक कल असतो हे खरे, पण आईला किंवा वडिलांना सोरायसिस असला तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही. समोरच्या मंडळींना ही माहिती हवी असेल तर त्यांना माझ्याकडे घेऊन या, असे मी सांगतो. आतापर्यंत तीन घरची माणसे येऊन बसून ऐकून गेली. दोन लग्ने झाली. मुलीला दिवस राहिले किंवा राहण्याचा विचार असेल तर मात्र चालू मलमे आणि गोळ्या आधी डॉक्टरला दाखवून घ्याव्यात.

मलमांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आपला स्वतःचा बोटांसकट एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण शंभरावा भाग. असे दहा तळहात भरतील इतका रोग असेल तर नुसत्या मलमावर भागत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. तिथे किरणांचा उपचार, गोळ्या, आता इंजेक्शनाची नवी औषधेही मिळतात. तळहात-तळपायांना भेगा पडून काम होत नसेल, चट्ट्यांवर पिवळे पुवाचे फोड येऊन ताप भरला, किंवा सर्व अंग लाल झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आणि सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे अर्धा-पाऊण तास आखडत असतील, एखादे बोट सॉसेजसारखे, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत सारखे सुजले असेल, टाच दुखत असेल, तर तो वात समजून दुखऱ्या गोळ्या खात बसू नये. सोरायसिसचाच तो सांध्यांतला प्रकार असू शकतो. सांधा एकदा वाकडा झाला की मलमाने किंवा गोळीने सरळ होत नाही. तेव्हा पुढच्या खेपेला दवाखान्यात जाल तेव्हा ट्यूबांच्या पिशवीबरोबर हातापायांची नखेही दाखवा आणि सांधे दुखतात की नाही हे आपण होऊन सांगा.